तीन आण्यांत दोन मैल

इगतपुरी सुटली की मुंबईकडे निघालेल्या पंचवटी एक्स्प्रेसच्या डब्यात दोन तट पडतात. बोगदे लागतात, रेंज जाते, आणि आदल्या रात्री घरच्या वायफायवर ज्यांनी काही उतरवून ठेवलेलं नसतं ते एकदम खिडकीबाहेर बघायला लागतात. बाकीचे आपापल्या पिक्चरमध्ये असतात. मागच्या पावसाळ्यात माझ्या शेजारचा पासवाला मुलगा असाच एक मराठी चित्रपट बघत होता. थिएटरातून उतरून त्याला पंधरा दिवसही झाले नव्हते. पलीकडच्या काकांनी मान वाकडी करून बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला. त्यांचा पुतण्या त्याच चित्रपटाच्या कॅमेरा विभागात होता.

"कुठून घेतलास रे हा?"

"टेलिग्रामवर आलाय ना, काका."

तिथून कसाऱ्यापर्यंत जुंपली. काका म्हणाले, चोरी ती चोरी. दुकानातून साडी उचलून पळशील का? मुलगा म्हणाला, साडी उचलली तर दुकानात एक साडी कमी होते, मी हा उतरवला तर कोणाचं काय कमी झालं? कॉपी काढायला यांना दमडी तरी लागते का? अर्धा डबा काकांच्या बाजूला, अर्धा मुलाच्या. चहावाला तेवढा तटस्थ.

हा वाद मी परिसंवादांत ऐकला आहे, कट्ट्यावर ऐकला आहे, आणि दर वेळी त्याचं चाक याच दोन वाक्यांच्या चिखलात रुततं. एक बाजू नीतीचं बोलते, दुसरी खर्चाचं. पैसे मोजणाऱ्याच्या हातात नेमकं काय पडतं, हे कोणी विचारत नाही. माझं म्हणणं असं, की फोनवर उतरवून घ्यायच्या चित्रपटाचा रास्त भाव तिथूनच ठरायला हवा. दोन दिवसांपुरता देत असाल तर दोन दिवसांचं भाडं घ्या, आणि ते स्टेशनवरच्या चहा-वड्याच्या हिशेबात बसू द्या. विकत म्हणून पैसे घेत असाल तर खरोखर विका. वस्तू भाड्याची आणि भाव विक्रीचा, हा व्यवहार नीतीच्या कितीही गोष्टी सांगितल्या तरी लोकांच्या गळी उतरत नाही.

गिऱ्हाईक हा हिशेब पहिल्या दिवसापासून करत आलं आहे. दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे. त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला आणि पुढे सुरतेला गेला, तेव्हा तिथल्या प्रेक्षकांनी हात आखडला. दोन आण्यांत जवळपास सहा तासांचं नाटक मिळत असताना हा माणूस तीन आणे घेऊन दीड तासात घरी धाडणार होता. फाळक्यांनी प्रेक्षकांना अडाणी म्हटलं नाही. त्यांनी जाहिरात केली: सत्तावन्न हजार छायाचित्रं, दोन मैल लांबीचं चित्र, आणि हे सगळं अवघ्या तीन आण्यांत! सुरतेची मंडळी माप मागत होती, फाळक्यांनी माप दिलं. आता खरं सांगायचं तर ते माप फुगवलेलं होतं. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर फुटाला सोळा चौकटी बसतात. सत्तावन्न हजारांचे झाले साडेतीन हजारांच्या जरा वर फूट, म्हणजे पाऊण मैलसुद्धा भरत नाही. पण तीन आणे देऊन आत गेलेल्या माणसाला चित्रपट शेवटपर्यंत बघायला मिळाला. आजच्या दुकानांचं माप कुठे फुगलं आहे, त्याकडे मी येतोच.

आधी त्या मुलाचा मुद्दा. तो वाटतो तितका पोरकट नाही. एका फाइलची दुसरी प्रत काढायला खरोखरच जवळपास काही लागत नाही. रीळ होतं तेव्हा प्रत्येक प्रिंटला पैसे पडत, तबकडी होती तेव्हा प्लास्टिक, छपाई, टेम्पो, दुकानदाराचं कमिशन. हे सगळं गळून पडल्यावरही भाव जुनाच असेल, तर बचत गेली कुठे हे विचारायचा गिऱ्हाइकाला हक्क आहे. मान्य. पण म्हणून किंमत शून्य? निफाड-पिंपळगावकडच्या कुठल्याही बागायतदाराला विचारा. द्राक्षाचा घड तोडून पेटीत ठेवायला कितीसा खर्च येतो? खर्च झालेला असतो त्याआधी: छाटणी, घड द्रावणात बुडवायचं डिपिंग, औषधं, मजुरी आणि ऐन फुलोऱ्यात येणाऱ्या पावसाची धास्ती. चित्रपटाचंही तेच. पहिलं तिकीट फाटण्याआधीच सगळा पैसा लागून गेलेला असतो. फाळक्यांनी तर विम्याची पॉलिसी गहाण टाकली होती. प्रत फुकट निघते म्हणून पिक्चर फुकट द्या म्हणणं म्हणजे घड तोडायची मजुरी घ्या आणि बाग विसरा म्हणण्यासारखं आहे.

पण हीच बाग काकांच्या बाजूच्यांनाही एक गोष्ट ऐकवते. एका वेलीवरच्या मालाचा एक्स्पोर्टला एक भाव असतो आणि लोकलला दुसरा. त्यात कोणाला अन्याय वाटत नाही, कारण लोकलचा माल एक्स्पोर्टच्या भावाने कोणी विकायला काढत नाही. नाशिकच्या सर्कल, विजयानंद, चित्रमंदिर थिएटरांच्या जमान्यात पुढच्या स्टॉलचं तिकीट वेगळं आणि बाल्कनीचं वेगळं होतं. १८९६ मध्ये फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंच्या माणसांनी मुंबईत पहिले खेळ केले तेव्हा सुरुवातीला सरसकट एक रुपया होता, आणि काही दिवसांत नॉव्हेल्टी थिएटरात चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत पायऱ्या पाडाव्या लागल्या. मग सहा इंचांच्या काचेवर, कानात एकच बोंडूक धड चालणारा हेडफोन घालून, तिकीट तपासनीस आला की थांबवत बघायचा पिक्चर हा बाल्कनीच्या भावाने का?

हे शहाणपण चित्रपटधंद्याने दोनदा पैसे मोजून शिकलं आहे. १९८२ साली हॉलीवूडचे प्रतिनिधी अमेरिकेच्या संसदेसमोर जाऊन सांगत होते, की टीव्हीवरचं कॅसेटवर टिपून ठेवणारा घरचा व्हीसीआर आम्हाला गिळणार. १९८४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी व्हीसीआर जगू दिला, आणि काही वर्षांत त्याच कॅसेटींनी स्टुडिओंचे गल्ले भरले. कसे? सुरुवातीला कॅसेटचा भाव सत्तर-ऐंशी डॉलर असे, म्हणजे घ्यायची फक्त भाड्याने देणाऱ्या दुकानदाराने. १९८२ मध्ये पॅरामाउंटने एक गाजलेला चित्रपट ३९.९५ डॉलरला काढला आणि मग घराघरांतली माणसं कॅसेट विकत घेऊ लागली. दुसरा धडा उलटा. २००५ च्या सुमाराला सोनीने खिशातल्या गेमयंत्रासाठी छोट्या तबकड्यांवर चित्रपट आणले. भाव मोठ्या डीव्हीडीच्या आसपास, चालणार फक्त त्या एका यंत्रावर, टीव्हीला लावायची सोय नाही. घरी डीव्हीडी असलेल्याने तोच पिक्चर तेवढ्याच पैशात पुन्हा, लहान करून का घ्यावा? नाही घेतला. वर्षभरात स्टुडिओंनी हात काढून घेतला. भाव चुकला होता.

आता काकांचा सर्वांत भारी मुद्दा. ते म्हणाले, "तू पन्नास कर, वीस कर, फुकट बघणारा फुकटच बघणार. फुकटाशी कोण स्पर्धा करणार?" निर्माते हेच म्हणतात, आणि काही लोकांपुरतं ते खरंही आहे. दहा रुपये केले तरी टेलिग्रामच उघडणारी माणसं माझ्या घरात आहेत. पण सगळे तसे असतात का? २०१० च्या आगेमागे नाशिकरोड स्टेशनबाहेर, शालिमारला, मेन रोडच्या बोळांत मोबाइलच्या टपऱ्या होत्या. काचेवर पाटी: 'मेमरी कार्ड भरून मिळेल'. आपण नखाएवढं कार्ड काढून द्यायचं. तो ते निळ्या रीडरमध्ये खुपसायचा, फोन कुठला ते विचारायचा, कारण त्या फोनला कुठली फाइल चालेल हे त्याला तोंडपाठ असे. पडद्यावर फोल्डर: नवीन मराठी, साऊथ डब, भक्तिगीते, आणि एक, जे बायाबापड्या उभ्या असल्या की तो उघडत नसे. वीस-तीस रुपये. घरी जाऊन पिक्चर अडकला तर दुसऱ्या दिवशी बिनबोभाट बदलून मिळे. यातला एक पैसाही निर्मात्याला पोचत नव्हता, तेव्हा त्या टपरीचे पोवाडे गाण्यात अर्थ नाही. पण जरा थांबून बघा: त्या रांगेतला प्रत्येक माणूस पैसे मोजत होता! फुकटासाठी तो आलाच नव्हता. आपल्या फोनवर चालणारी, इंटरनेटशिवाय चालणारी आणि उद्याही चालणारी गोष्ट त्याला हवी होती, आणि तिचा भाव त्याने ठरवून टाकला होता. तो भाव घ्यायला निर्माता त्या काउंटरमागे कधी उभाच राहिला नाही.

एकाने राहून बघितलं होतं. २००७ मध्ये तबकड्या बनवणाऱ्या मोझर बेअर कंपनीने अधिकृत व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना काढली, फुटपाथवरच्या चोरट्या सीडीच्या भावाला थेट जाऊन भिडणारी. माझ्या वडिलांनी त्यातल्या पंधरा-वीस घेतल्या. 'एवढ्या स्वस्तात ओरिजिनल' म्हणत ते पाहुण्यांना दाखवायचे. आता कोणी म्हणेल, त्या कंपनीचं पुढे काय झालं? २०१८ मध्ये अवसायनात निघाली. हे लपवण्यात अर्थ नाही. पण ती केवळ २८ रुपयांपायी बुडाली असं म्हणणं हिशेबाला धरून नाही. तबकडी नावाची वस्तूच तोवर मरत आली होती, आणि सौरऊर्जेच्या धंद्यातही तिचे हात पोळले होते. स्वस्त तबकडीने तिला वाचवलं नाही, इतकंच यातून निघतं.

वडिलांच्या त्या तबकड्यांवरून फुगलेल्या मापाकडे येतो. २०१८ मध्ये आईसाठी मी एका ऑनलाइन दुकानातून एक जुना मराठी चित्रपट 'विकत' घेतला. १९० रुपये. बटणावर तोच शब्द होता. सिन्नरला घरी रेंज धड नाही म्हणून तिच्या फोनवर उतरवून दिला. महिन्यातून एकदा तरी ती तो लावायची, त्यातल्या सासूच्या संवादावर माझ्या बायकोकडे न बघता हसायची. चार वर्षांनी फोन बदलला. नव्या फोनवर तो चित्रपट कुठेच नव्हता. दुकानाच्या मदतकक्षाने कळवलं, की त्या चित्रपटाचा त्यांचा परवाना संपला आहे, सबब आता तो पुन्हा उतरवता येणार नाही. पैशांबद्दल अवाक्षर नाही. आईला परवाना वगैरे काय सांगणार? ती एवढंच म्हणाली, "विकत घेतला होतास ना रे?" वडिलांच्या २८ रुपयांच्या तबकड्या मात्र अजून चालतात. प्लेअरच्या झाकणावर एक चापट मारावी लागते, बस्स.

माझ्यासोबत घडलं ते अपवादात्मक असतं तर लिहिलं नसतं. २००९ मध्ये अमेझॉनने जॉर्ज ऑरवेलची दोन पुस्तकं गिऱ्हाइकांच्या किंडल या वाचनयंत्रावरून रातोरात पुसली होती, कारण ती विकणाऱ्याकडे हक्क नव्हते. पैसे परत दिले, माफी मागितली, पण विकलेल्या मालापर्यंत दुकानदाराचा हात मागाहून पोचतो हे जगाला दिसलं. कॅलिफोर्नियाने तर त्यावर कायदाच केला. १ जानेवारी २०२५ पासून तिथे 'विकत घ्या' म्हणायचं असेल तर हा फक्त परवाना आहे आणि तो काढून घेतला जाऊ शकतो, हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावं लागतं. जी फाइल कायमची उतरवून स्वतःजवळ ठेवता येते तिला ही अट नाही. भेद नेमका तिथेच आहे. आपल्याकडे कायद्याचा दांडा बहुतेक एकाच बाजूला पडतो. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात ६५-अ कलम आलं: हक्कभंगाच्या हेतूने डिजिटल कुलूप (फाइलची प्रत काढू न देणारी सोय) तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद. २०२३ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायद्यात चोरट्या चित्रणाला तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि किमान तीन लाख दंड आला. असू द्या, ते हवंच. पण विक्री म्हणून भाड्याची वस्तू गळ्यात मारणाऱ्याचं काय? दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीविरुद्ध २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. त्या एका बटणाला तो कोणी लावून बघणार आहे का?

कोणी म्हणेल, कुलूप काढलं तर एक फाइल सगळ्या गावात फिरेल. फिरेल काही प्रमाणात. आपलं नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासून एकेक पुस्तक शेकडो हातांत फिरवत आलं आहे. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी'च्या पेट्या तर इथून निघून कुठल्या कुठे पोचल्या. त्याने मराठी पुस्तक मेलं असं कोणी प्रकाशक म्हणत नाही. पुस्तकाची प्रत एका वेळी एकाच हातात असते आणि फाइल शंभर हातांत, हा फरक खराच आहे, आणि त्याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. म्हणूनच विकलेल्या फाइलचा भाव भाड्याच्या चौपट-पाचपट असायला माझी हरकत नाही. जोखीम भावात धरा. कुलूप लावून वर पुन्हा जोखमीचे पैसे घेऊ नका.

आणि भाडं किती असावं? महिन्याच्या वर्गणीवाल्यांनी याचं एक उत्तर दिलं आहे. नेटफ्लिक्सने २०१९ मध्ये फक्त फोनसाठी १९९ रुपयांची योजना आणली आणि २०२१ च्या डिसेंबरात ती १४९ वर उतरवली. छोट्या काचेला छोटा भाव, हे जगातल्या बलाढ्य कंपनीला नाशिक-मनमाडच्या गिऱ्हाइकाने शिकवलं म्हणायला हरकत नाही. पण वर्गणी म्हणजे थाळी. मला एकच भाजी हवी असेल तर? वर्षातून चार मराठी चित्रपट बघणाऱ्याने चार अ‍ॅपांच्या वर्गण्या का भराव्यात? २०२५ च्या ऑगस्टमध्ये आमिर खानने आपला चित्रपट यूट्यूबवर शंभर रुपये भाड्याने ठेवला, वर्गणी नको, काही नको. रस्ता बरोबर. पण अ‍ॅपलच्या फोनवर तोच १७९ दिसला आणि माफी मागायची पाळी आली. पिक्चर तोच, दाम फोन बघून! मधल्या दुकानदाराचा वाटा किती मोठा असतो ते त्या दिवशी लोकांना कळलं.

माझा आकडा सांगतो, म्हणजे भांडायला काही तरी हाती येईल: नव्या चित्रपटाचं दोन दिवसांचं भाडं तीस रुपये, पाच वर्षांहून जुन्याचं दहा. हे परवडेल का? तीस रुपयांतले साडेचार जीएसटीत जातात. उरलेल्याचे तीस टक्के अ‍ॅपच्या दुकानाने घेतले तर निर्मात्याच्या हातात अठराच्या आत पडतात. दीडशेच्या तिकिटातून कर जाऊन, थिएटरने निम्मे घेतले असं धरलं तर त्रेसष्ट-चौसष्ट. म्हणजे एका तिकिटाची भरपाई साडेतीन भाड्यांनी होते, आणि फोनवर तीन-चार माणसं डोकी जोडून बघतात ते वेगळंच. निर्मात्यांची काळजी खोटी नाही, संख्या लागेल. पण पंधरा दिवसांनी थिएटरातून उतरल्यावर त्या चित्रपटाला दुसरं कोण विचारणार होतं?

सरकारने भाव बांधून द्यावा असं मात्र मी म्हणणार नाही. कर्नाटकने २०२५ मध्ये थिएटरच्या तिकिटाला दोनशेची मर्यादा घातली आणि उच्च न्यायालयाने ती लगेच स्थगित केली. आणि सरकारने भावात हात घातला की काय होतं, हे कांद्याचं लासलगाव ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या माणसाला मी काय सांगू?

डब्यातला वाद कसाऱ्याला थांबला, कारण रेंज आली आणि सगळ्यांचे मेसेज धडधड उतरायला लागले. मुलगा जरा वरमला होता. कल्याणच्या अलीकडे त्याने फोन काकांपुढे धरला. "काका, खरंच सांगतो, वीस काय, पन्नास देतो. कुठे मिळतो हा पिक्चर? तुम्हीच शोधून द्या." काकांनी चष्मा लावला. दोन अ‍ॅप झाली, तीन झाली. कुठेच नव्हता. शेवटी त्यांनी पुतण्याला फोन लावला, स्पीकरवर. पुतण्या झोपेतून उठल्यासारखा म्हणाला, "काका, हक्क दिलेत एका कंपनीला. ते कधी लावतील, लावतील की नाही, आम्हालाही माहीत नाही. का हो, तुम्हाला बघायचा होता का?"

काकांनी स्पीकर बंद केला. मुलगा खिडकीबाहेर बघत होता.